दीड फुटी शब्द

‘सेस्क्विपिडेलियन’ हे इंग्रजी विशेषण. अर्थ एवढाच की लांबलचक शब्दांचा, किंवा तसे शब्द वापरायची खोड असलेला. वाचताना डोळे त्यावरून सुखाने पुढे सरकतात. मोठ्याने म्हणायचा म्हटला की मला घाम फुटतो.

गोची ‘स्क्वि’मध्ये आहे. स, क, व एकमेकांना चिकटलेले. जीभ घाबरून मध्येच एखादा इकार घुसडते आणि ‘सेसिक्वि’ होतं. म्हणून तुकडे पाडायचे: सेस्, क्वि, पि, डेलियन. ‘पि’ गिळल्यासारखा, सगळा जोर ‘डे’वर. जोर चुकून ‘पे’वर पडला की शब्द सायकलच्या पेडलवर चढतो. अर्थात ते नातं खोटं नाही. दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधलं पाऊल आहे, आणि संस्कृत ‘पाद’, आपला ‘पाय’ हेही त्याच भावकीतले. स्पेलिंगची अक्षरं १४, त्यात पी एकच. लांब शब्दांच्या भीतीला थट्टेने पाणघोडा जोडून जो ३६ अक्षरी शब्द केलाय, त्यातल्या ‘सेस्क्वि’पुढे दोन पी असतात, ते इकडे आणू नयेत.

‘सेस्क्वि’ म्हणजे दीड. रोमन दीड फूट भरतो साधारण ४४ सेंटिमीटर, आणि तेवढ्या भाजक्या विटेलाही लॅटिनमध्ये हेच विशेषण लागतं. तेव्हा हा शब्द ऐकून कुणी डोक्यात वीट घातल्यासारखं वाटलं, तर ते व्युत्पत्तीला धरूनच आहे.

ही वीट शब्दांवर बेतली ती रोमन कवी होरेसने, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात. टेलिफस आणि पीलियस ही शोकांतिकांतली बडी पात्रं. दरिद्री होऊन परमुलखात भटकताना त्यांना प्रेक्षकाच्या काळजाला हात घालायचा असेल, तर ती फुगीर बाटल्या आणि दीड फुटी शब्द फेकून देतात, असं तो म्हणतो. बाटली म्हणजे ‘अंपुल्ला’, इथे फुगवलेली भाषा. (इंजेक्शनचं अँप्यूल त्याच बाटलीचं.) होरेसचं मला पटतं. भिकारी ‘सांप्रत माझी आर्थिक परिस्थिती प्रतिकूल आहे’ म्हणू लागला, तर काढलेलं नाणं परत खिशात जाईल.

मराठीत शब्दासाठी ‘दीड फुटी’ चालतं. बोलणाऱ्यासाठी ‘दीडशहाणा’ फार जवळचा, फक्त तो तोंडावर म्हणता येत नाही. सेस्क्विपिडेलियन म्हणता येतो. समोरचा बहुधा थँक्यू म्हणतो.