थकबाकी

आमच्याकडे पुरुषाला थकवा येत नाही, आळस येतो. बायकांची गत याहून वाईट. त्यांना दोन्हींपैकी काहीच यायला सवड नसते. त्यामुळे पतसंस्थेत थकीत कर्जदारांची यादी वाचता वाचता माझेच डोळे मिटायला लागले, जिना चढून वर गेल्यावर कशासाठी आलो ते आठवेना, तेव्हा आईने ओसरीवरूनच निदान केलं. "येले काय व्हयनं? जेवस, झोपस, परत उठीसन म्हणस, मी थकनू!"

डॉक्टरांनी चिठ्ठीवर मोजक्या तपासण्या लिहिल्या: हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि डी. लॅबवाला पोरगा म्हणाला, "काका, थोडे पैसे वाढवा, फुल बॉडी होऊन जाईल." आता स्वस्तात जास्त मिळत असताना कमी घेणं आमच्या रक्तातच नाही, आणि रक्त तर तोच काढणार होता. थायरॉईडसाठी उपाशी राहावं लागत नाही. पण फुल बॉडीत साखर आणि चरबी आली, म्हणून सकाळचा चहा गेला. जांभळ्या, पिवळ्या, करड्या झाकणांच्या नळ्या त्याने एकेक भरल्या आणि कापूस दाबून धरायला सांगितला. चोळू नका म्हणाला. मी चोळला नाही. बाजूच्या काकांनी चोळला आणि त्यांचा दंड वांग्याच्या रंगाचा झाला.

रिपोर्ट मोबाईलवर आला. बायकोने तो 'एक नजर टाका' म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला, आणि डॉक्टरांच्या आधी अर्ध्या खान्देशाने माझं रक्त वाचलं. जाड ठशातले आकडे तीन: थायरॉईडचा टीएसएच ७.२, बी-१२ १६८, व्हिटॅमिन डी ११. बाकीची पानं बारीक अक्षरात, म्हणजे निर्दोष. ती कोणी वाचली नाहीत. धुळ्याच्या मामांनी विचारलं, "थायरॉईड तर बायांना होतो ना रे?" बायकांना तो पुष्कळ जास्त होतो हे खरं, पण पुरुषांना बंदी नाही. शेजारच्या काकूंनी आमच्या घरातली कोबी बंद केली. (शिजवलेली कोबी नेहमीच्या बेताने खाल्ली आणि मीठ आयोडीनचं असलं, तर काही बिघडत नाही. पण हे काकूंना सांगणार कोण? शिवाय मला कोबी आवडत नाही.) आत्याबाईंनी मंगळवारी मंगळ ग्रह मंदिरात जाऊन यायला सांगितलं. देऊळ आमच्या अमळनेरातच असल्यामुळे 'लांब पडतं' ही सबबही चालेना.

मला छळत होता तो टीएसएच. रिपोर्टवर हद्द साधारण ०.४ ते ४ च्या आसपास आणि माझा ७.२. मेहुणा म्हणाला, "दाजी, जास्तच आहे की! म्हणजे थायरॉईड जोरात चाललाय." मग मी आडवा का पडतोय? जन्म जमा-खर्चात गेलेल्या माणसाला जास्त म्हणजे कमी हे पचत नाही. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मात्र एकदम आपल्या खात्यातली गोष्ट निघाली. मेंदूखाली एक ग्रंथी बसलेली असते, ती आमची वसुली शाखा. गळ्यातली थायरॉईड हा कर्जदार. टी-४, म्हणजे थायरॉईडचं संप्रेरक, हा त्याने भरायचा हप्ता आणि टीएसएच म्हणजे आपली नोटीस. कर्जदार ढिला पडला की नोटिसा वाढतात. त्याने जादा भरायला सुरुवात केली की नोटिसा जवळजवळ थांबतात. माझा टी-४ हद्दीत होता. थोडक्यात, पार्टी हप्ता भरत होती, पण दोन-दोन नोटिसा गेल्यावर. असलं खातं आम्ही लगेच बुडीत धरत नाही, लक्ष ठेवतो.

डॉक्टरांनीही तेच केलं. "दोनेक महिन्यांनी परत तपासू, सोबत अँटीबॉडी बघू. आज गोळी नाही." घरात सुतकी शांतता पसरली. एवढा रिपोर्ट, एवढा ग्रुप, आणि गोळी नाही? थायरॉईडची गोळी घेतली की पुढे अर्धा-पाऊण तास चहा नाही, हे ऐकल्यावर माझं दुःख तेवढं ओसरलं.

मग चौकशी. "केसांच्या गोळ्या घेता का? त्यातल्या बायोटिनने थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो." एवढं विचारून त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि प्रश्न मागे घेतला. "ॲसिडिटीची गोळी?" ती मात्र वर्षानुवर्षं. तिच्यामुळेही बी-१२ शोषलं जाणं कमी होतं म्हणे. आता बघा, शेवभाजीच्या तर्रीने पोट जळतं, म्हणून गोळी. गोळीने बी-१२ उतरतं. आणि बी-१२ मिळतं मटण, मासे, अंडी, दुधात, तर घरात माळकरी आई. मटणाचं नाव काढलं असतं तर माझा थकवा तिने काठीने घालवला असता. इंजेक्शनं लिहून दिली.

"झोप कशी आहे?" मी 'उत्तम' म्हणायच्या आत बायको पुढे सरकली. इतकी वर्षं ती या प्रश्नाचीच वाट पाहत असावी. "डॉक्टरसाहेब, घोरतात हो! मधेच श्वास अडकतो, मग दचकून उठतात, वरून मलाच विचारतात, काय झालं?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रिपोर्टच्या सगळ्या पानांवर मिळून त्यांनी घालवला नव्हता एवढा वेळ या साक्षीवर घालवला, आणि झोपेची वेगळी तपासणी लिहून दिली. मला वाटतं, पहिल्याच दिवशी सुईऐवजी तिला विचारलं असतं तर निम्मं काम झालं असतं.

राहिला डी. अमळनेरमध्ये मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो, आणि माझ्या रक्तात उन्हाचा दुष्काळ! आई म्हणाली, "आपला गावले उन्हनी काय कमी शे?" ऊन भरपूर आहे, पण आम्ही त्याला अंगाला लागू देतो कुठे? डोक्याला रुमाल, पूर्ण बाह्या, आणि दुपारी शटर खाली. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची साठ हजार युनिटची पुडी दिली. आठवड्यातून एकदाच, रोज नाही, हे दोनदा बजावलं. शिवाय अंगावर थोडं ऊन घ्या म्हणाले, सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं. आमच्याकडे उन्हाळ्यात ती वेळ नाश्त्यालाच येते.

म्हणून मी बनियनवर गच्चीत गेलो. गच्चीभर धोतरांवर बिबडे आणि कुरडया. भिंतीशी उभा राहून सावली मोजत होतो, तेवढ्यात काकूंनी पलीकडून हटकलं, "भाऊ, काय करून राह्यले?" म्हटलं, व्हिटॅमिन घेतोय. "मग उभेच आहात तर आमच्याही गच्चीकडे लक्ष द्या, कावळे लई मातलेत," म्हणत त्यांनी कठड्यावरून मला एक काठी दिली.