या गाडीला वाली कोण?

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि कोकणात कुठे एखादी एटीव्ही, म्हणजे वाळूत-चिखलात पळणारी हँडलवाली चारचाकी, उलटली, की आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेहमीची जुंपते. एक गट म्हणतो, किनाऱ्यावरची ही थेरं बंदच करा. दुसरा म्हणतो, पोरांनी कर्ज काढून गाड्या घेतल्यात, त्यांच्या पोटावर पाय देऊ नका. मग कोणीतरी मला डिवचतं, "काय कॅनडावाले, तुमच्याकडे काय पद्धत?"

विचारणाऱ्याला माझी फिरकी घ्यायची असते, तरी उत्तर द्यावंसं वाटतं. मी ओंटारिओत राहतो, पीटरबरोच्या बाजूला. इथून उत्तरेला हॅलिबर्टन, बॅन्क्रॉफ्टकडे निघालं की पेट्रोलपंपावर चिखलाने माखलेल्या एटीव्ही हमखास दिसतात. कोणी शिकारीला निघालेला असतो, कोणी लाकडं ओढायला, बरेच जण निव्वळ मजेसाठी. या गाड्यांसाठी प्रांताचा स्वतंत्र कायदाच आहे, ऑफ-रोड व्हेइकल्स अॅक्ट. त्यानुसार गाडीची नोंदणी हवी, नंबरप्लेट हवी, विमा हवा, डोक्यावर हेल्मेट हवं. चालवणारा किमान 12 वर्षांचा हवा. सार्वजनिक रस्त्यावर आणायची तर वय 16 आणि लायसन्स हवं, तेही त्या रस्त्यावर परवानगी असेल तरच. जिथे इतर गाड्यांना ताशी 50 किलोमीटर किंवा त्याहून कमी मर्यादा आहे, तिथे एटीव्हीला 20. त्याहून वेगवान रस्त्यावर 50. चालायचं कडेच्या पट्टीवरून.

एवढं ऐकलं की ग्रुपवरचे बंदीवाले खूश होतात, पण याच कायद्याची दुसरी बाजूही आहे. स्वतःच्या जमिनीवर गाडी चालवायची असेल तर नोंदणी नको, विमा नको, हेल्मेटचीही सक्ती नाही. बारा वर्षांची अटही तिथे गळून पडते, आणि इतरत्रही मोठं माणूस थेट देखरेखीला असेल तर सूट मिळते. तुझी जमीन, तुझं पोर, तूच बघ, असा सगळा मामला. शेतघरांच्या आवारात आठ-दहा वर्षांची मुलं उघड्या डोक्याने गाड्या फिरवताना दिसतात, आणि ते बेकायदा असेलच असं नाही. मला विचाराल तर ही सूट फार सैल आहे. उलटलेल्या गाडीला सातबारा कळत नाही.

आणखी एक विसंगती. मोठ्या एटीव्हीवर कंपनीचं इशाऱ्याचं स्टिकर असतं: 16 वर्षांखालच्यांनी चालवू नये, डांबरी रस्त्यावर नेऊ नये, एकट्याची गाडी असेल तर मागे कोणाला बसवू नये. यामागे कारण आहे. टायर कमी हवेचे आणि फुगीर, गाडीची बैठक उंच, चाकांमधलं अंतर कमी. वळताना अंग झुकवून तोल साधावा लागतो. मातीत चाक थोडं घसरतं म्हणून वळण निभतं, डांबरावर ते पकडतं आणि गाडी कलते. तरीही इथल्या कित्येक नगरपालिका डांबरी रस्ते एटीव्हीला खुले करतात, कारण पर्यटक येतात, हॉटेलं चालतात. धंद्यापुढे स्टिकर हरतं, हे फक्त कोकणातच घडतं असं नाही.

मग इथून घेण्यासारखं काय? माझ्या मते एकच गोष्ट: ही गाडी कोणाच्या तरी खात्यात जमा आहे. आपल्याकडे ती कुणाचंच लेकरू नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' म्हणजे रस्त्यावर वापरण्याजोगं यांत्रिक वाहन. विकणारा सांगतो, ही ऑफ-रोड आहे, रस्त्यासाठी नाहीच, त्यामुळे नोंदणीचा प्रश्न नाही. आरटीओलाही मग हात झटकायला जागा मिळते. पण त्याच कायद्यात 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कुठलीही जागा, नुसता रस्ता नव्हे. ज्या वाळूत लोक पोरंबाळं घेऊन भेळ खात बसतात, तिला आणखी काय म्हणायचं? पोलारिस या अमेरिकी कंपनीने एटीव्हीचं एक मॉडेल ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून भारतात रस्त्यावर आणलं. म्हणजे कागद करायचेच ठरवले तर वाट निघते, फक्त ती शेतीच्या बांधावरून जाते.

नागावच्या किनाऱ्यावर काय चालतं ते डोळ्यांपुढे आणा. नऊ-दहा वर्षांचा मुलगा पुढे, उजव्या अंगठ्याखाली अॅक्सिलरेटरचा खटका. राइडवाला मागे उभा, एक हात हँडलकडे. आई मोबाइलवर शूटिंग करतेय. राउंड संपत आला की राइडवाला दुसरं गिऱ्हाईक हेरायला उतरतो आणि शेवटचे वीसेक मीटर पोरगा एकटाच गाडी आणतो, लोकांच्या दिशेने. हेच पोर स्कूटरवर सापडलं असतं तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंडाची तरतूद आहे. पुण्यातल्या पोर्श प्रकरणानंतर या कलमावर घराघरांत चर्चा झाली. वाळूत मात्र तीच घरं रांगेत उभी असतात.

सरसकट बंदी मला पटत नाही. बंदी चार दिवस टिकते, मग हप्ता ठरतो आणि गाड्या परत येतात, आधीपेक्षा बेफिकीर. वेळाससारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबागला मात्र चाक पडताच कामा नये. तिथे चर्चेचा प्रश्नच नाही. बाकी ठिकाणी दोरी बांधून वेगळा पट्टा आखा, गाडीला नंबर द्या, त्रयस्थाचा विमा सक्तीचा करा. सोळाच्या खाली असेल तर लहान इंजिनाची, वेगाला लगाम घातलेली गाडी, आणि ती आखलेल्या पट्ट्यातच.

राइडवाले लावतात त्या "हमारी कोई जिम्मेदारी नहीं" या पाटीचा सोक्षमोक्षही लागायला हवा. ओंटारिओत राइडआधी 'इजा झाली तर दावा करणार नाही' अशी सही करून घेतात ती अटींची पानं इथली न्यायालयं बऱ्यापैकी मानतात, ग्राहकाला त्रास होईल इतकी. 2018 साली एका स्की रिसॉर्टच्या खटल्यात इथल्या अपील न्यायालयाने रिसॉर्टच्या बाजूने कौल दिला. पण इथे निदान कागद आहे, आणि त्यावर कोणाचं तरी नाव आहे.

गावातल्या एका राइडवाल्याशी फोनवर बोललो. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "दादा, नंबर घ्यायला माझी कुठे ना आहे? विमापण काढतो. पण आरटीओत पाठवतात बंदर खात्याकडे, तिथून ग्रामपंचायतीत, आणि सरपंच म्हणतात पोलिसांना विचार. फॉर्म कुठला भरायचा तेवढं तुमच्या ग्रुपवर विचारून सांगा."

टाकलाय मेसेज. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.