हयात असण्यातली तांत्रिक अडचण

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे केंद्र सरकार माझी चौकशी करते, आणि त्या चौकशीचा विषय एकच असतो : मी अजून आहे की नाही. तार खात्यातून मी २००४ साली निवृत्त झालो, तेव्हापासून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन पुढच्या वर्षाची पेन्शन चालू ठेवणे हा माझा एकमेव सरकारी उद्योग उरला आहे. ऐंशी ओलांडलेल्यांना मात्र हा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हातारा नोव्हेंबरपर्यंत टिकेल याची खात्री नसल्यामुळे ही सवलत दिली असावी, असा माझा कयास आहे. आमच्या सौभाग्यवतींच्या मते ती केवळ गर्दी टाळण्यासाठी आहे.

पूर्वी हे काम पाच मिनिटांत होत असे. बँकेत जायचे, साहेबांच्या टेबलापुढे उभे राहायचे, साहेबांनी चष्म्यावरून पाहत "काय, बरे आहे ना?" असे विचारायचे, आपण "बरे आहे" म्हणायचे, की कागदावर सही. त्या "बरे आहे"ला पुरावा लागत नसे. पुढे १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' नावाची योजना सुरू झाली आणि आधार क्रमांक व बोटाचा ठसा यांच्या बळावर, बँकेची पायरी न चढता, हयात असल्याचे सिद्ध करता येऊ लागले. योजना चांगलीच आहे, हे मी मनापासून सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रिक्षात घालून बँकेत नेण्याचे दिवस तिने संपवले. अडचण योजनेत नाही. अडचण माझ्या बोटांत आहे.

यंदा मी सौभाग्यवतींना घेऊन जवळच्या सेवा केंद्रात गेलो. केंद्र चालवणारा मुलगा विशीतला, नम्र आणि डोक्याला भरपूर तेल लावलेला होता. त्याने आधार क्रमांक घेतला, मोबाइलवर आलेला ओटीपी घेतला (तो बंगळुरूच्या चिरंजीवांच्या फोनवर गेला होता आणि चिरंजीव मीटिंगमध्ये होते, पण ते असो), पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाचा, क्रमांक घेतला आणि मग अर्जातला पुढचा प्रश्न सगळ्या केंद्राला ऐकू जाईल अशा आवाजात विचारला, "आजोबा, पुन्हा लग्न केलं आहे का?" माझ्या आधी सौभाग्यवतींनीच "नाही" असे उत्तर दिले, आणि ते ज्या सुरात दिले त्यावरून पुढच्या वर्षीही तेच राहील याची नोंद मुलाने मनातल्या मनात केली असावी.

मग ठशाचे यंत्र पुढे आले. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, काचेखाली लाल उजेड. मी उजवा अंगठा ठेवला. ठसा जुळला नाही. डावा ठेवला, तोही नाही. मुलाने ओल्या फडक्याने माझी दहाही बोटे लहान मुलाची पुसावीत तशी पुसली आणि एकेक करून काचेवर दाबून पाहिली. करंगळीने क्षणभर आशा दाखवली, पण तेवढ्यात सर्व्हर गेला. तो परत आल्यावर मुलगा म्हणाला, "बोट केसांवर चोळा, म्हणजे जरा तेलकट होईल." मी टोपी काढून दाखवली. त्या उघड्या माळावर दोघांनीही थोडा वेळ नजर फिरवली. अखेर त्याने मोठ्या मनाने स्वतःचेच डोके पुढे केले. मी त्याच्या डोक्यावर अंगठा चोळत असताना मागे रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंचा गैरसमज झाला आणि त्यांनीही वाकून नमस्कार केला. मी त्यांना अखंड सौभाग्याचा आशीर्वाद दिला. यंत्राने मात्र काहीच दिले नाही. "आजोबा," मुलगा फार वाईट वाटून म्हणाला, "सिस्टीमप्रमाणे तुम्ही नाही आहात."

ते ठसे कुठे गेले, हे मला ठाऊक आहे. वाढत्या वयात ते झिजतातच, पण माझे आधीच सरकारी कामात खर्ची पडले आहेत. मॉर्सच्या तारयंत्राची दांडी अंगठा आणि दोन बोटांत धरून मी वर्षानुवर्षे 'कट्ट' आणि 'कडकट्ट' करत जिल्हाभर जन्म, मृत्यू, नेमणुका आणि 'ताबडतोब निघा' पोचवले. पुढे टेलिप्रिंटर आला, तोही बोटांनीच बडवला. मी पाठवलेली 'काका वारले' ही तार लोक एका ओळीवर खरी मानत आणि रडायला लागत. १५ जुलै २०१३ रोजी ती तारही बंद झाली. आता मी स्वतः समोर बसून आहे म्हणतो, तर कोणी मानत नाही. शिवाय ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनीत २० टक्के वाढ मिळते. म्हणजे सरकार ज्या वयाचे बक्षीस देते, त्याच वयामुळे ते बक्षीस अडते.

रविवारी पुण्याहून नात आली. २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, हे तिनेच सांगितले. त्यासाठी तिने फोनवर दोन अॅप घेतली आणि पहिल्यांदा स्वतःचा चेहरा दाखवून ती स्वतः असल्याचे सिद्ध केले, कारण माझी हयात तपासणाराही कोणीतरी खरा लागतो. मग मला खिडकीशी बसवले. पडद्यावर हिरवे वर्तुळ आले आणि डोळे मिचकावण्याची सूचना आली. संदेश मिळाला म्हणजे मॉर्समध्ये 'आर' पाठवायचा, एक छोटा, एक लांब, एक छोटा, ही चाळीस वर्षांची सवय. मी डोळ्यांनी तेच केले. लांब मिचकावणीला अॅपने 'चेहरा दिसत नाही' असे कळवले. "आजोबा, एकदाच मिटा आणि उघडा," नात म्हणाली, "झोपू नका." तिसऱ्या खेपेस जमले. प्रमाण क्रमांकाचा संदेश फोनवर आला, नातीने टाळ्या वाजवल्या, सौभाग्यवतींनी देवापुढे साखर ठेवली.

सोमवारी केवळ खात्री करावी म्हणून बँकेत गेलो. खिडकीपलीकडच्या तरुण अधिकारी बाईंनी संगणकात पाहिले आणि म्हणाल्या, "ऑनलाइन आलं आहे, पण फाइलला प्रिंट लागेल. सोबत आधारची झेरॉक्स, तिच्यावर सही." समोरच्या दुकानातून दोन्ही आणून दिल्यावर त्यांनी एक लांबरुंद नोंदवही उघडली. माझे नाव, पीपीओ, प्रमाण क्रमांक असे एकेक रकाने भरत त्या शेवटच्या रकान्यापाशी आल्या : 'पेन्शनर समक्ष हजर होते काय?' त्यांनी तिथे सुवाच्य अक्षरांत 'नाही' असे लिहिले.

"अहो, मी हा इथे उभा आहे," मी म्हणालो.

"डिजिटल असेल तर 'नाही'च लिहायचं असतं, काका," बाई म्हणाल्या, आणि त्या 'नाही'च्या शेजारी त्यांनी माझी सही घेतली.