सड्यावरचा वारा

माघात काकांचा फोन आला. कलमांवरची फवारणी आटोपून पडवीत बसले होते. "अरे, तू तेलातलाच माणूस. गावात परत रिफायनरीचं बोलणं निघालंय. एकदा काय ते खरं सांग."

मी तेव्हा पश्चिम कझाकस्तानात होतो, तेंगिझ तेलक्षेत्राच्या छावणीत. 28 दिवस काम, 28 दिवस सुट्टी असं माझं कंत्राट. बाहेर गवताळ माळ गोठलेला, नजर पोचेल तिथवर एक झाड नाही. माझं काम गॅस डिटेक्टर तपासण्याचं. तिथल्या तेलाबरोबर हायड्रोजन सल्फाइड भरपूर येतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर डिटेक्टर. तो वाजला की आधी विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, बघायचा आणि वाऱ्याला आडवं पळायचं. याच क्षेत्रात 1985 साली 37 नंबरच्या विहिरीचा स्फोट झाला, तिची आग वर्षाहून जास्त काळ जळत होती.

रिफायनरी म्हणजे तेलविहीर नव्हे, हे मला कळतं. धोके वेगळे, मोजमाप वेगळं. पण आपल्याकडचा वाद मी राजापूर तालुक्यातल्या नाणारपासून ऐकतोय. वर्षाला 6 कोटी टनांचा प्रकल्प म्हणाले, 2019 मध्ये तो तिथून रद्द झाला, मग त्याच तालुक्यातल्या बारसू-सोलगावचं नाव पुढे आलं. 2023 च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी बायाबापड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, उन्हात बसल्या, ते मी फोनवर पाहिलं. एक बाजू म्हणते, पोरं मुंबईला जातात, घरांना कुलपं लागलीत. दुसरी म्हणते, आंबा जाईल, खाडीतली मासळी जाईल. दोघांचंही दुःख खरं आहे. माझ्याच घराला अर्धं वर्ष कुलूप असतं.

म्हणून नोकऱ्यांबद्दल मला दिसलं ते सांगतो. तेंगिझच्या विस्ताराचं बांधकाम चाललं तेव्हा माणसं हजारोंनी होती. वेल्डर, फिटर, मचाण बांधणारे. 2025 च्या जानेवारीत नवा प्लांट सुरू झाला. बांधकाम सरलं तशी ती माणसं गेली. प्लांट चालवायला लागतात थोडी, आणि तीही आधीपासून शिकलेली. मी रत्नागिरीहून तिथे पोचलो तो हातातल्या कामामुळे. माझ्या शिफ्टमधल्या कझाक सहकाऱ्याचं गाव सारीकामिस. या तेलक्षेत्राला लागून होतं, पुढे उठवलं गेलं. घराच्या बदल्यात घर मिळालं, तो ते नाकारत नाही. पण आजोबांची कबर तिकडेच राहिली, वर्षातून एकदा गाडी करून जातो. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मला आमचा सडा आठवला. बारसूच्या कातळावर कोरलेली शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ती कुठे उचलून नेणार?

"तू तेलाचं खातोस आणि गावाला नको म्हणतोस?" असं मला एका भावकीतल्यानं विचारलंच. हो, तेलाचं खातो. म्हणूनच बोलायचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही माझ्यावर येतात. रिफायनरी आज ज्या रीतीनं आणली जातेय, त्या रीतीला माझा विरोध आहे. पोलीस बंदोबस्तात जमीन तपासायची आणि माहिती नंतर द्यायची, ही रीत उलटी आहे. आधी हवा मोजणारी यंत्रं गावात बसवा, वर्षभराचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. तालुक्याच्या आयटीआयत इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांच्या कामाचा, वर्ग काढा, पोरापोरींना चार वर्षं शिकवा. कायमच्या नोकऱ्या किती आणि कुठल्या, ते लिहून द्या. मग ग्रामसभेत मत घ्या, आणि नाही म्हणाले तर ते नाही मानून परत जा.

काकांना एवढं सगळं फोनवर सांगता आलं नाही. त्यांना मी एवढंच विचारलं, पावसाळ्यात सड्यावर वारा कुठून येतो?

"समुद्राकडनं. आपल्या घरांवरच तर येतो."

मग म्हटलं, पुढच्या सभेत हा प्रश्न पहिला विचारा, आणि उत्तर लेखी मागा.