म्हणे थोडा हार्डनर जास्त टाका!

आज चौथा दिवस. मी स्वतःच्या हाताने चढवलेलं काचेचं कापड स्वतःच्याच हाताने होडीवरून सोलून काढतोय आणि डोकं इतकं फिरलंय की आता बोलल्याशिवाय राहवत नाही, ज्याला वाचायचंय त्याने वाचा.

होडी लहानशीच आहे, साडेतीन मीटरची. ६ मिमीच्या मरीन प्लायच्या (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडच्या) फळ्या कापायच्या, कडेने भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या, आतल्या सांध्यात इपॉक्सीत (रेझिन आणि हार्डनर असे दोन द्रव मिसळले की कडक होणारा चिकट माल) लाकडाचं पीठ कालवून लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, तारा काढायच्या आणि मग बाहेरून सगळा तळ त्याच इपॉक्सीत भिजवलेल्या काचेच्या कापडाने मढवायचा, ती पद्धत. लाकडाचं काम मस्त झालं हो. दोन्ही बाजू अगदी सारख्या आल्या, टेप लावून बघितलं तर २ मिमीचाही फरक नाही. रात्री झोपायच्या आधी जाऊन नुसता तळावरून हात फिरवून यायचो. मग कापडाचा दिवस आला, खोलीत जेमतेम १५ अंश, आणि मी एका माणसाचं ऐकलं.

हा माणूस नवखा नाही, वर्षानुवर्षं फायबरचं काम करतोय, म्हणूनच तर विचारलं. म्हटलं दादा, गारठा आहे, सांध्यातली लांबी कडक व्हायलाच दोन दिवस लागले, कापडाचं काय करू? तर म्हणाला, "अरे त्यात काय, हार्डनर थोडा जास्त टाक, सकाळपर्यंत दगड होतो बघ." इतक्या सहज, इतक्या खात्रीने, की पुढे विचारायची इच्छाच होऊ नये.

नाही होत! पॉलिस्टरमध्ये, म्हणजे फायबरच्या कामातल्या दुसऱ्या रेझिनमध्ये होतं, इपॉक्सीत नाही होत! पॉलिस्टर रेझिनला तो जो द्रव घालतात तो शंभराला एक-दोन टक्के असतो, तो फक्त काडी लावतो, पुढचं रेझिन आपलं आपण पेटत जातं, त्यामुळे तिथे कमी घातला तर सावकाश आणि जास्त घातला तर झटपट हा हिशोब काही प्रमाणात चालतो. इपॉक्सीचा हार्डनर काडी लावत नाही, तो स्वतःच त्या मालाचा भाग होतो. रेझिनच्या रेणूंनी हार्डनरच्या रेणूंचा हात धरायचा, एकाला एक मोजून, तेव्हा कुठे ते जाळं घट्ट विणलं जातं. मापाबाहेर जेवढा ओताल त्याला धरायला समोर हातच शिल्लक नसतो. तो तसाच मोकळा राहतो, आज, उद्या, वर्षभराने, कधीही. दोन वेगळे पदार्थ आहेत हे, एकाची अक्कल दुसऱ्याला लावू नका ना, आणि माहिती नसेल तर नाही माहिती म्हणा, एवढं साधं वाक्य माणसाच्या तोंडून का निघत नाही?

आणि ती बाटली! पुढे मोठ्ठ्या अक्षरात २:१. कशाचे दोन, कशाचा एक? मापाने, म्हणजे कप भरून, की वजनाने? ते मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि तेसुद्धा पहिल्याच दिवशी बाटलीवरून ओघळ आला की त्याखाली कायमचं पुसलं जातं. रेझिन जड असतं, हार्डनर हलका असतो. माझ्याकडच्या मालात मापाने २:१ म्हणजे वजनाने १०० ग्रॅम रेझिनला ४३ ग्रॅम हार्डनर. लांबीच्या वेळी मी खुणा केलेले कप वापरत होतो म्हणून वाचलो, कापडाला जास्त माल लागणार म्हणून मोठ्या हौसेने वजनकाटा आणला आणि सरळ १०० ला ५० घेतलं. म्हणजे आधीच जास्त. त्यावर दादांच्या सल्ल्याचे ५. म्हणजे जिथे ४३ हवेत तिथे ५५, सव्वापटीच्याही वर. समोरच्या बाजूला फक्त एक शब्द, 'मापाने', छापला असता तर काय बिघडलं असतं कुणाचं?

सकाळी अंगठा दाबून बघितला तर ठसा उठला. म्हटलं थंडी आहे, थांबू. तिसऱ्या दिवशी तोच ठसा, तेवढाच खोल. मग सुरू झाले दुसरे सल्ले. पंखा लाव, लवकर सुकेल. अरे सुकायला काय तो रंग आहे का? आपण सगळेच "सुकतं" म्हणतो आणि तिथेच सगळा घोटाळा होतो. रंगातलं थिनर उडून जातं म्हणून रंग सुकतो, यातून काहीच उडून जायचं नसतं, जे आहे ते आतल्या आत जुळायचं असतं, त्याला ऊब लागते. साधारण १० अंश वाढले की वेग दुप्पट होतो, १० कमी झाले की निम्मा. खोली गरम करा नाहीतर गारठ्यासाठी वेगळा फास्ट हार्डनर मिळतो तो घ्या, त्याच्या मापाने. पंख्याने काय होणार? धूळ बसली वर, चिकटली, झालं. दुसरा म्हणाला वरून बरोबर मापाचा एक हात मार, खालचंही ओढून घेईल. काय ओढून घेईल? खालचं चिकट ते चिकटच राहतं आणि वर कडक पापुद्रा येतो, म्हणजे पाण्यात उतरवल्यावर तो पापुद्रा सुटणार, कापडासकट!

मग काढायला घेतलं. हीट गन फिरवायची, त्याने ते डिंकासारखं मऊ होतं, मग स्क्रेपर कापडाखाली सरकवायचा आणि ओढायचं. वीतभर कापड येतं आणि फाटतं. काचेचे धागे उसवून ग्लव्हजला गुंडाळतात, स्क्रेपरला गुंडाळतात, त्यांना परत तोच चिकटा, दर दोन मिनिटांनी पातं पुसायचं. कापड निघाल्यावर खाली प्लायच्या रेषारेषांत तो गम बसलेला दिसतो, पिवळसर, ओला ओला. ८० नंबरचा पॉलिश पेपर घेतला तर चार हातांत त्याचे दाणे बुजले, पेपर गुळगुळीत. शेवटी स्क्रेपर, ॲसिटोन (थिनरसारखाच द्रव) आणि चिंधी, बोटभर बोटभर जागा. एके ठिकाणी स्क्रेपर रुतला आणि प्लायचा वरचा थर सोलला गेला, दीड वीत लांब. जो तळ मी रात्री उठून बघायचो तो. खरं सांगतो, त्या वेळी स्क्रेपर ठेवून दिला आणि बाहेर जाऊन बसलो.

आणि हे ॲसिटोन लाकूड पुसायला म्हणतोय मी, कातडी पुसायला नाही, कारण सगळ्यात संताप आणणारा सल्ला हाच आहे, "हाताला लागलं? थिनरने पूस." नका पुसू!! थिनरने ते निघत नाही, पातळ होऊन कातडीत जास्त मुरतं. इपॉक्सीची ॲलर्जी पहिल्या दिवशी येत नाही, दहा वेळा काही होत नाही, वीस वेळा काही होत नाही, मग एक दिवस मनगटावर पुरळ उठतं आणि त्यानंतर आयुष्यभर उठतं. माझ्या ओळखीतले एक सुतारकाम करणारे काका आहेत, सोन्यासारखा हात, त्यांना आता अर्धवट जमलेल्या इपॉक्सीची धूळ जरी लागली तरी डोळे सुजतात. त्यांनी ते काम कायमचं सोडलं. कुणीतरी त्यांनाही सांगितलंच असेल ना, काही होत नाही म्हणून? नायट्राइलचे ग्लव्हज घाला, लागलंच तर लगेच साबण-पाण्याने धुवा, घासताना मास्क लावा. व्हिनेगर अवजारांना ठीक आहे, अंगाला नको.

अजून एक. एका बाजूचा चांगला जमलेला भाग होता, आदल्या आठवड्याचा, त्यावर ओशट, मेणचट थर आला होता. दमट गार हवेत येतोच, हार्डनरमधलं अमाइन नावाचं रसायन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून वर येतं. तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुतला की जातो, पाण्यात विरघळतो तो. पण मला सांगण्यात आलं घासून काढ, घासलं, सगळा मेणचटपणा पेपरने आणखी आत रगडला गेला आणि वरचा हात ठिकठिकाणी फाटून खड्डे पडले. बाटलीवर "आधी पाण्याने धुवा" एवढी ओळ छापायला जागा नव्हती, जहाजाचं रंगीत चित्र छापायला होती.

आता पुढचा हातभर भाग राहिलाय सोलायचा. सोललेल्या थराच्या जागी लांबी भरावी लागेल, परत घासावं लागेल, नवं कापड कापावं लागेल. दोन्ही बाटल्यांवर मीच काळ्या मार्करने समोर लिहिलंय, वजनाने १०० ला ४३. खोलीत हीटर लावलाय, काटा २२ अंशांवर आहे. आधी प्लायच्या तुकड्यावर छोटासा नमुना जमवणार, दुसऱ्या दिवशी त्यावर नख मारून बघणार, उमटलं नाही तरच कापड उलगडणार. आणि तोपर्यंत हार्डनर वाढव म्हणणाऱ्या कुणीही माझ्या होडीजवळ येऊ नये.