दुकान तुमचं, बोर्ड तुमचा, डोमेन मात्र वेबसाइटवाल्याचं

पैसे मोजले मालकानं, नाव मालकाच्या दुकानाचं, आणि डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, कुणाच्या खात्यावर? वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या. असं कामून, म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "शेठ, तुम्ही टेन्शन घेऊ नका, सगळं आपण बघतो." अरे, सगळं तूच बघतो हेच तर दुखणं आहे! छत्रपती संभाजीनगरला गुलमंडीवरचं कापडाचं दुकान घ्या, लातूरच्या गंजगोलाईतलं किराणा होलसेल घ्या, नाहीतर नांदेडला वजिराबादेतली मोबाइल शॉपी घ्या, तऱ्हा एकच. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असलेल्या रानात कुणी विहीर खोदत नाही. मग बोर्डावर, पिशव्यांवर, टेम्पोच्या फाळक्यावर ते नाव रंगवून घेताना एक साधा प्रश्न डोक्यात कसा येत नाही?

डोमेन घ्यायला पंधरा मिनिटं लागतात. डोमेन विकणारे रजिस्ट्रार म्हणजे गोडॅडी, बिगरॉक, होस्टिंगर, कुठंही खातं उघडा. ईमेल आपला, ओटीपी आपल्याच फोनवर, पैसे आपल्या यूपीआयनं, बिल दुकानाच्या नावानं. जीएसटी नंबर टाकला तर नियमित योजनेतल्या दुकानदाराला १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिटही मिळतं, म्हणजे तेवढा कर वळता होतो. डॉट इन असो की डॉट कॉम, काम वर्षाला हजार-पंधराशेच्या आसपास निपटतं. वेबसाइटवाल्याला तुमच्याकडून लागतं ते एवढंच की डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे नाव टाकल्यावर साइट कुठं शोधायची ते सांगणारे पत्ते, बदलून मिळावेत. त्या दोन ओळी त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवायच्या, तुम्ही पेस्ट करायच्या. पासवर्डचा संबंध येतोच कुठं?

पण तसं केलं तर वेबसाइटवाल्यानं पुढच्या वर्षीचं बिल कसं फाडायचं? "२,९९९ मध्ये वेबसाइट, डोमेन होस्टिंग फ्री" या जाहिरातीतलं फ्री म्हणजे पहिलं वर्ष. (होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा.) दुसऱ्या वर्षी सहा-सात हजारांचा कागद येतो आणि त्यावर लिहिलेलं असतं 'एएमसी', म्हणजे वर्षाची देखभाल. त्या एएमसीत काय केलं, विचारून बघा. बॅकअप कधी घेतला? प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेले छोटे प्रोग्राम, शेवटचे कधी अपडेट केले? समोरून चूप. वर एसएसएलचे, म्हणजे साइट सुरक्षित ठरवणाऱ्या सर्टिफिकेटचे, वेगळे तीन हजार. अहो, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट असतं आणि बऱ्याच होस्टिंगवर ते आपोआप रिन्यू होतं. जुलै २०१८ पासून क्रोम असं सर्टिफिकेट नसलेल्या साध्या एचटीटीपी साइटपुढं 'नॉट सिक्युअर' लिहितं, त्या दोन शब्दांच्या धाकावर हे तीन हजार उकळले जातात.

आणि तो वेबसाइटवाला पोरगा पुण्याला नोकरीला लागला, नंबर बदलला, की झालं कल्याण. डॉट कॉमची मुदत संपली की थोड्याच दिवसांत साइट बंद, त्या नावावरचे ईमेलही बंद. मुदत संपल्यापासून रजिस्ट्रारनुसार फार तर ४५ दिवस रिन्यू करायची सवलत. मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, त्यात नेहमीच्या फीवर जबर दंड. मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, तेव्हा कुणालाच हात लावता येत नाही. नंतर ते नाव मोकळं, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. गुगलला ओळखीची झालेली जुनी नावं हुडकून त्यावर सट्ट्याची पानं चढवणारे टपूनच बसलेले असतात. म्हणजे कुंथलगिरीच्या पेढ्याच्या खोक्यावर छापलेला पत्ता गिऱ्हाइकानं टाकला की समोर ऑनलाइन रमी! मुदत संपण्याआधी रजिस्ट्रारनं सूचनेचे मेल पाठवलेले असतात, पण गेलेले असतात वेबसाइटवाल्याच्या ईमेलवर, जो त्यानं उघडूनही बघितलेला नसतो.

बरं, नाव सोडवून घ्यायचं म्हटलं तर तो म्हणतो, "ट्रान्सफर चार्ज पाच हजार." कशाचे पाच हजार? डोमेन अनलॉक करायचं आणि ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायचा पासवर्ड, द्यायचा, एवढंच त्याचं काम. डॉट कॉम ट्रान्सफरची जी फी नव्या रजिस्ट्रारला भरावी लागते, तिच्यात उलट एक वर्षाची मुदत वाढून मिळते. बहुतेक ठिकाणी त्याच रजिस्ट्रारकडं आपलं खातं उघडून आतल्या आत नाव हलवताही येतं. हे तो कशाला सांगेल! नवीन घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डॉट कॉम मात्र ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडं नेता येत नाही, ते तेवढं खरं. डोमेनचा जगभरचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेच्या लुकअप पानावर नाव टाकलं की डोमेन कुठल्या रजिस्ट्रारकडं आहे आणि मुदत कधी संपते ते फुकट दिसतं. मालकाचं नाव तिथं बऱ्याचदा झाकलेलं असतं, त्यामुळं "तुमच्याच नावावर आहे हो" या बोलण्याला काडीची किंमत नाही. लॉगिन करून दाखव म्हणायचं.

होस्टिंगचं त्याहून वंगाळ. एकच स्वस्तातलं होस्टिंग घ्यायचं, त्यात गावातल्या पन्नास दुकानांच्या साइट कोंबायच्या आणि प्रत्येकाकडून वेगळे पैसे घ्यायचे. वरून थीम (साइटचा तयार साचा) चोरीची. हजारो रुपयांची थीम 'फुकट डाउनलोड' म्हणून जिथं मिळते, तिथं तिच्यात बऱ्याचदा हॅकरसाठी मागचं दार ठेवलेलं असतं. एका साइटमधून घाण शिरली की त्याच खात्यातल्या बाकीच्याही जातात. यातली सगळ्यात हरामखोर गोष्ट अशी की मालकाला काही दिसतच नाही. तो पत्ता थेट टाइप करून उघडतो, साइट ठीक. गिऱ्हाईक गुगलवरून, मोबाइलवर येतं आणि त्याला मात्र भलत्याच पानावर फेकलं जातं, कारण त्या कोडमध्ये अटच तशी घातलेली असते. तपासायचं तर गुगलमध्ये साइट, कोलन आणि पुढं आपलं डोमेन, मध्ये जागा न सोडता लिहून शोधा. तुमच्या नावाखाली जपानी अक्षरं किंवा औषधांच्या गोळ्यांची पानं निघाली तर साइट हॅक झालेली आहे. अशा वेळी जुना स्वच्छ बॅकअप लागतो. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप म्हणजे दोन गोष्टी, फायलींची झिप आणि डेटाबेसची एसक्यूएल फाइल. निव्वळ झिप देऊन 'हा घ्या बॅकअप' म्हणणारे महाभाग आहेत. तुमचा मजकूर, तुमचे दर, सगळं डेटाबेसमध्ये असतं, झिपमध्ये नाही.

आता "गुगलवर एक नंबरला आणून देतो" ही थाप. एक नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलनंच लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे हमी देणाऱ्यानं बनवलेल्या कित्येक साइट गुगलवर मुळात येतच नाहीत. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग नावाचं पान आहे. तिथं तळाशी, सर्च इंजिनांना साइट घेऊ नका म्हणून सांगणारा एक चौकोन असतो. साइट बनवताना त्यात टिक करतात आणि काढायला विसरतात. एक टिक, अन् दुकान गुगलवरून गायब. मग मालकाला एसइओचं, म्हणजे गुगलवर वर आणायचं, पॅकेज विकतात!

मराठीचा तर निव्वळ खेळखंडोबा. फ्लेक्सवाल्याकडून मजकूर येतो तो श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. तो साइटवर पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होतो, कारण तो मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरला वाचता येणाऱ्या पद्धतीचा, नसतो. कन्व्हर्टरमधून काढून, जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालायला तासभर लागेल. तेवढा वेळ कोण घालवतो? मग अख्खं दरपत्रक फोटो करून चिकटवायचं. ते गुगलला नीट वाचता येत नाही, फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, आणि एक भाव बदलायचा तर पुन्हा फ्लेक्सवाल्याच्या दारात. युनिकोड वापरलंच तर पानाची भाषा इंग्रजी नाहीतर हिंदी लावून मोकळे. पानाच्या कोडमध्ये भाषा एमआर (मराठीची खूण) लिहिली की ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. एका ओळीचं काम, पण तेवढं माहीत तरी पाहिजे.

शहराच्या नावांचंही तसंच. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं अधिकृत झाली २०२३ मध्ये, पण बाहेरगावचं गिऱ्हाईक अजून औरंगाबाद आणि उस्मानाबाद टाकूनही शोधतं. पत्त्यात नवं नाव, आणि कसं यायचं त्या मजकुरात एकदा जुनंही, एवढं केलं की काम भागतं. इथं साइटवर एकतर जुनंच नाव पडून असतं नाहीतर नकाशाची पिन शहराच्या मधोमध, दुकान सिडकोत आणि पिन क्रांती चौकात.

फोटोंचं बोलायलाच नको. वर फिरणारे पाच बॅनर, एकेक चार एमबीचा. तालुक्याच्या गावी रेंजची एक काडी असलेल्या फोनवर ते वीस एमबी कधी उघडायचे? फोटो १,२०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये काढला की बहुतेक वेळा दोनशे केबीच्या आत बसतो. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर साइटच्या वेगाची चाचणी फुकट होते, पण लावून बघेल कोण? व्हॉट्सॲपचं बटन दाबलं तर नंबर चुकीचा. त्या लिंकमध्ये आधी ९१ आणि मग दहा आकडे लागतात, पुढं शून्य नाही, प्लस नाही. इथं शून्य लावून ठेवलेलं. चौकशीचा फॉर्म भरला तर मेल स्पॅममध्ये, कारण मेल पाठवायचं एसएमटीपी लावलेलं नाही, मेल खरा असल्याचं पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी केलेल्या नाहीत. फेसबुकचं चिन्ह दाबलं तर फेसबुकचंच मुखपृष्ठ. तळाशी 'डिझाइन्ड बाय' पुढं स्वतःचा नंबर टाकलाय, तो मात्र पहिल्या झटक्यात लागतो!

आणि ज्याला त्याला कार्ट, म्हणजे साइटवर ऑर्डर घ्यायची सोय, विकायची हे काय खूळ आहे? उदगीरच्या डाळमिलवाल्याला ३० किलोचा कट्टा 'ॲड टू कार्ट' करून दिला आणि शिपिंग सरसकट ५० रुपये. एक ऑर्डर आली तरी खिशाला चाट. कुरडया-पापडवाल्या बचतगटाचं वेगळंच. माल हलका, खोकं मोठं. कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारण ५,००० नं भागतात. ४० बाय ३० बाय २० चं खोकं म्हणजे ४.८ किलोचं भाडं, आत कुरडया दोनच किलो असल्या तरी. हा हिशोब साइट बनवताना करायचा असतो, पहिल्या पार्सलचं बिल आल्यावर नाही. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला राज्याबाहेर माल विकता येत नाही, अन् साइटवर 'ऑल इंडिया डिलिव्हरी' ठोकून दिलेलं. साइटवर पैसे घेऊन देणाऱ्या पेमेंट गेटवेचा दर साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर ८,००० च्या साडीवर १८८ रुपये ८० पैसे गेले, हे आधी कुणी बोलत नाही. सगळ्यात बेरकी ते, जे गेटवेचं खातंच स्वतःच्या नावानं उघडतात. पैठणी विकली पैठणच्या विणकरानं, पैसे पडले वेबसाइटवाल्याच्या बँकेत, मग महिनाभर मागत फिरा. गेटवे दुकानाच्या पॅनवर आणि दुकानाच्याच चालू खात्यावर पाहिजे, दुसरं काही ऐकायचं नाही.

मालकलोकही काही कमी नाहीत. लोगो मागितला तर व्हिजिटिंग कार्डाचा तिरपा फोटो, तोही चार वेळा फॉरवर्ड होऊन फाटलेला. मजकूर मागितला तर "तुम्हीच टाका काहीतरी चांगलं." मग तो टाकतो कोटातल्या गोऱ्यांनी हात मिळवलेला फोटो, आणि जालन्याच्या बियाणेवाल्याच्या साइटवर ते गोरे वर्षानुवर्षं हसत बसतात.

कित्येकांना तर साइटच्या आधी गुगलचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगल आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, पाहिजे, ते पूर्ण फुकट आहे. त्यासोबत मिळणाऱ्या फुकट छोट्या साइट गुगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, तरी अजून त्या नावानं पैसे मागणारे भेटतात. प्रोफाइलची पडताळणी आता बऱ्याचदा व्हिडिओनं होते. रस्ता, बोर्ड, आतलं दुकान, सगळं न थांबता एका दमात शूट करायचं. हे मालकानं स्वतःच्या जीमेलवरून करावं. इथंही वेबसाइटवाला प्रायमरी ओनर होऊन बसतो आणि तुम्हाला ठेवतो मॅनेजर. तसं असेल तर प्रोफाइलवरून मालकीची मागणी टाका, समोरच्याला उत्तराला तीन दिवस असतात.

शेवटचा हप्ता हातचा सोडायचा नाही. डोमेनचं लॉगिन आपल्या ईमेलवर उघडलं, होस्टिंगचं सीपॅनल (होस्टिंग चालवायचं पान) उघडलं, वर्डप्रेसमध्ये आपण एडिटर नाही तर ॲडमिनिस्ट्रेटर दिसतो, झिप आणि एसक्यूएल पेनड्राइव्हवर आली, प्रोफाइलवर प्रायमरी ओनर आपणच, हे सगळं त्याच्यासमोर, आपल्या फोनवर उघडून बघायचं आणि मगच यूपीआय करायचं. "उद्या देतो शेठ" म्हणाला तर पैसेही उद्याच.