समुद्राकडे पाठ फिरवून, सायकलने

मालवणला येणाऱ्या पाहुण्यांचं वेळापत्रक मला आता पाठ झालंय. सकाळी स्कुबा, दुपारी सुरमईचं ताट, संध्याकाळी तारकर्लीचा सूर्यास्त, दुसऱ्या दिवशी किल्ला आणि लगेच परतीची गाडी. मजा करायला आलेल्यांनी मजा करावी, माझं काही म्हणणं नाही. पण एवढ्यावर "सिंधुदुर्ग बघून झाला" असं कुणी म्हणालं की माझ्याने गप्प बसवत नाही. हा जिल्हा जगला तो किनाऱ्यापासून आत, अडवलेल्या पाण्याच्या काठी. देवळं तिथे, दशावताराची नाटकं तिथे, भाताचे मळे तिथे आणि सावंतवाडी संस्थानाची राजधानीसुद्धा तळ्यासमोरच.

कारण साधं आहे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि पडतो तसा वाहून समुद्राला मिळतो. उरलेला जांभ्या दगडातून झिरपून जातो. ज्याने पाणी अडवलं त्याचं गाव वसलं. म्हणून तळं बघायला जाल तेव्हा नुसतं पाणी बघून फोटो काढू नका. बांधाच्या खालच्या अंगाला उतरा. पाट कुठे जातो, कुणाच्या कोपऱ्यात, म्हणजे भाताच्या तुकड्यात, शिरतो ते बघा. गाडीतून हे दिसत नाही, चालत जायला अंतर फार, म्हणून सायकल.

माझा आवडता रस्ता सावंतवाडी ते मालवण, पण हमरस्ता टाळून. आकेरी, पिंगुळी, कुडाळ, नेरूर, वालावल, नेरूरपारचा पूल, धामापूर, चौके. साठ-पासष्ट किलोमीटर भरतील. पट्टीचे सायकलवाले एका दिवसात उडवतील, पण मग बघणार काय? दोन दिवस ठेवा, मुक्काम कुडाळला. चढ आहेत, लहान पण चिवट. गिअर नसलेली सायकल असेल तर उतरून ढकलायची तयारी ठेवा. खिशात मालवणी खाजे असू द्या. गूळ-आल्याचा तो एक तुकडा तोंडात टाकला की परदेशी एनर्जी बारची आठवण येत नाही.

सुरुवात मोती तलावापासून. समोर राजवाडा, चहूबाजूंनी शहर, काठाला केशवसुत कट्टा, आणि गणपती विसर्जनाला हेच पाणी. राजवाड्यात जाऊन गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने पत्ते, बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. गोल, हाताने रंगवलेली, लाखेची चकाकी असलेली पानं. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, म्हणजे १२० पानांचा डाव. ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या कारागिराला शोधून, नवी पोरं हाताशी धरून ती राजवाड्यातच पुन्हा उभी केली. दरबार हॉलमध्ये आजही माणसं मान खाली घालून बारीक कुंचल्याने रंगवताना दिसतात. चितारआळीतली लाकडी खेळणी आणि फळं घ्यायची तर घ्या, पण सायकलवर अख्खी फणस-केळ्यांची परडी लादणाऱ्याला मी हसणार.

आकेरीला जुन्या रस्त्यालगत रामेश्वराचं देऊळ आहे. जांभ्या दगडाचं, भारदस्त, दुपारीही आत गारवा. अर्धा तास पुरे.

पिंगुळीत मात्र घड्याळ काढून ठेवा. इथल्या ठाकर समाजाला सावंतवाडीच्या भोसल्यांचा आश्रय होता. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, असं सगळं या एका गावात टिकलंय. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातला एखादा प्रसंग चित्रांच्या माळेने सांगायचा. एकेक चित्र पुढे धरत, गात, वाद्याच्या ठेक्यावर. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली या कामासाठी पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय मांडलंय. आधी फोन करून जा, म्हणजे प्रयोगही बघायला मिळेल, आणि बघितलात तर पाकिटात हात घाला. फुकट टाळ्यांवर कुणाचं घर चालत नाही.

कुडाळात घोडेबाव बघा. घोडा थेट पाण्यापर्यंत उतरेल अशी पायऱ्यांची बाव, म्हणजे विहीर. पाणी आधी, बाकीचं नंतर, हे त्या काळच्या लष्करालाही कळत होतं.

नेरूरला कलेश्वराचं दर्शन घेऊन वालावलला वळा. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, शेजारी तळं, भोवती माडा-पोफळीची दाटी आणि पलीकडे कर्ली नदी. देवळातलं लाकडी कोरीवकाम बघताना मान दुखेपर्यंत वर बघत राहाल. 'वालावलकर' हे दशावतारातलंही जुनं नाव. कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम लागला की रात्र रात्र नाटक चालतं. हातात लिहिलेली संहिता नाही, संवाद उभ्या उभ्या सुचतात, आणि पखवाज, झांज, पायपेटीच्या साथीवर पहाट होते. तुमची सफर जत्रेच्या तारखेशी जुळवता आली तर बाकी सगळे बेत रद्द करा.

इथेच तळ्याकाठी टेकलो असताना एका आजोबांनी विचारलं, "सायकलीन इलास? गाडी खय बंद पडली?" गाडी नाहीच, मुद्दाम सायकल, असं सांगितल्यावर त्यांनी आमच्याकडे आणि मग सायकलींकडे बराच वेळ बघितलं. "बरा आसा," म्हणाले, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही. मग मात्र उठून पाट दाखवायला बांधापर्यंत आले.

नेरूरपारच्या पुलावर थांबायचंच. खाली कर्ली, दोन्ही काठांना माडांची रांग. पलीकडे गेलात की काळसे आणि मग धामापूर.

धामापूरबद्दल मी पक्षपाती आहे, आधीच सांगून टाकतो. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली इथलं तळं बांधलं, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या शंभर वर्षं आधी. दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत मातीचा बांध घातला, सुमारे ११ मीटर उंचीचा, आणि तो अजून पाणी धरून आहे. खाली धामापूर आणि काळश्याची शेती-बागायत. मालवण शहराच्या नळालाही इथलंच पाणी जातं, हे मालवणात मासे खाणाऱ्या किती पाहुण्यांना माहीत असेल? २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं.

काठावर भगवतीचं देऊळ, तिथून पायऱ्या थेट पाण्यात. गोष्ट अशी सांगतात की घरात लग्न असलं की परडीत फुलं ठेवून ती पाण्यावर सोडायची. दुसऱ्या दिवशी परडीत दागिने. कार्य झालं की परत करायचे. एकाने परत केले नाहीत, तेव्हापासून देणं बंद. भाविक या गोष्टीला हात जोडतात, शिकलेले हसतात. गरजेपुरतं घ्या, दुसऱ्याचं बुडवू नका: मला तर ती गावाच्या पाणीवाटपाची नियमावलीच वाटते. देवीला बांधावर बसवणारे लोक भोळे नव्हते. पहारेकरी झोपेल, देवी झोपत नाही.

म्हणूनच तळं म्हटलं की कारंजं, रंगीत दिवे आणि सेल्फीसाठी मोठ्ठी अक्षरं हा जो आजार सगळीकडे पसरलाय, त्याची मला धास्ती वाटते. पाचशे वर्षं काम करणाऱ्या वस्तूला मेकअप कशाला? आत प्लास्टिक टाकू नका, साबण लावून आंघोळी करू नका आणि पाटाची वाट अडवून गाड्या लावू नका. एवढं सुशोभीकरण पुरे.

धामापूरहून चौकेमार्गे मालवण. मग किल्ला बघाच. १६६४ साली पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्गात तट आणि बुरूज सगळेच बघतात. तुम्ही दूधबाव, साखरबाव, दहीबाव शोधा. भर समुद्रात गोडं पाणी! दोन दिवस पाण्यामागे फिरून आलेल्या माणसाला त्या विहिरींपाशी जास्त वेळ लागेल.

ऑक्टोबर ते जानेवारी उत्तम. मे महिन्यात उन्हाने सोलून निघाल, आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. पंक्चरचं सामान स्वतःचं घ्या. मधल्या गावांत चहा मिळेल, तुमच्या मापाची ट्यूब मिळणार नाही.